पायथनच्या तीन बाणांपुढे पहिल्यांदा बसताना

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीचा लातूरहून फोन आला. डिप्लोमाचं पहिलं वर्ष, कॉलेजात पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची एक भाषा, नुकतंच सुरू झालेलं, आणि घरच्या लॅपटॉपवर ते काही केल्या चालेना. रडकुंडीला आली होती. "मावशी, सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं जसंच्या तसं टाइप करतेय, तरी एररच येतोय."

मी विचारलं, "अगं, पण ओळीच्या सुरुवातीला काय दिसतंय? तीन बाण, की सी कोलन?"

ती जरा थांबली. "ते बघायचं असतं का?"

बघायचं असतं. सगळ्यात आधी तेच बघायचं असतं. आजवर जितक्या नवशिक्यांना मी शेजारी बसून किंवा फोनवर हे शिकवलं, त्यातले बहुतेक जण भाषा अवघड म्हणून अडलेच नव्हते. आपण या क्षणी कोणाशी बोलतोय, कॉम्प्युटरशी की पायथनशी, एवढं न कळल्यामुळे अडले होते. ते कळलं की पुढचा रस्ता पुष्कळ सोपा होतो. म्हणून त्या दिवशी भाचीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

फोनवर रोमन अक्षरं दाखवता येत नाहीत, उच्चार सांगावा लागतो. इथेही तसंच केलंय. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, तुम्ही त्या इंग्रजी कीबोर्डवर, स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगेन. आकडे आणि चिन्हं आहेत तशीच टाकायची. काही ठिकाणी मात्र खरोखर मराठीतच टाइप करायचं आहे, ते त्या त्या वेळी सांगते.

इंटरप्रिटर म्हणजे कोण

इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. तुम्ही पायथनच्या भाषेत एक वाक्य लिहिता, तो ते तपासतो, त्याचं आतल्या वापराच्या बाइटकोडमध्ये रूपांतर करतो, लगेच चालवतो आणि उत्तर समोर ठेवतो. मग पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. वाचा, चालवा, दाखवा, पुन्हा वाचा, असं हे चक्र. याला 'रेपल' म्हणतात आणि ही पद्धत लिस्प या जुन्या भाषेपासून चालत आली आहे. पायथन त्या मानाने तरुण. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करताना ग्वीडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर 1989 मध्ये, नाताळच्या सुट्टीत, ते लिहायला घेतलं. 1991 साली ते पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं.

नवशिक्याला या संवादाचा मोठा फायदा आहे. एक ओळ चुकली तर एवढी एकच ओळ चुकते, आणि ती चुकली हे त्याच क्षणी कळतं. शंभर ओळी लिहून झाल्यावर चूक शोधत बसावं लागत नाही.

आधी काळी खिडकी उघडा

विंडोजवर विंडोजचं बटण दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट उघडेल. मॅकवर कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबून टर्मिनल असं शोधा. उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की झालं.

आता पायथन आहे का ते विचारा. विंडोजवर टाइप करा: पी, वाय, मग एक स्पेस, मग डॅश आणि त्याला चिकटून कॅपिटल व्ही. मॅक आणि लिनक्सवर पी वायच्या जागी पूर्ण पायथन शब्द आणि त्याला जोडून 3 हा आकडा:

```
पाय -व्ही
पायथन3 -व्ही
```

पायथन 3.13.2 असं काहीतरी उत्तर आलं की काम फत्ते. सुरुवात 3 ने झाली पाहिजे. पायथन 2 चा सांभाळ 1 जानेवारी 2020 पासून थांबला आहे, त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात किंवा व्हिडिओत 2.7 दिसलं तर ते सरळ बाजूला ठेवा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनी तो 3 का लावायचा? नुसत्या पायथन या नावाने तिथे वर्षानुवर्षं जुनं पायथन 2 चालायचं. मॅकवरून ते 2022 मध्ये निघालं, पण त्यानंतर नुसतं पायथन टाइप केलं तर बऱ्याच यंत्रांवर 'अशी आज्ञा सापडली नाही' असंच उत्तर येतं. नव्या मॅकवर पायथन3 पहिल्यांदाच टाइप केलं तर डेव्हलपर टूल्स टाकायची का, अशी खिडकी येऊ शकते. तिला हो म्हणा.

विंडोजवर पायथन नसेल तर पायथन डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच घ्या. तिथला नेहमीचा इन्स्टॉलर घेतलात, तर पहिल्याच खिडकीत अगदी तळाशी एक छोटी चौकट असते: 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ'. ती आपोआप टिक झालेली नसते. घाईत सगळे वरचं मोठं 'इन्स्टॉल नाऊ' दाबतात आणि मग पायथन असूनही काळी खिडकी म्हणते की ही आज्ञा मी ओळखत नाही. पाथ म्हणजे आज्ञा कुठे कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी. त्या यादीत पायथनचा पत्ता नसला, तर बिचाऱ्या खिडकीला तो सापडणार कसा? चौकट राहून गेली असेल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा, पुढे 'ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' या नावाची चौकट टिक करता येते. त्यानंतर काळी खिडकी बंद करून नवी उघडा. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते.

विंडोजवर पूर्ण पायथन शब्द टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडलं, तर घाबरू नका. पायथन यंत्रावर नाही किंवा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढे मी नुसतं 'पायथन' लिहीन. तुमच्याकडे जे चाललं, पाय, पायथन किंवा पायथन3, ते त्या जागी टाका.

दोन प्रॉम्प्ट, दोन जागा

आता नुसतं पायथन टाइप करून एंटर दाबा. दोन-तीन ओळींचा मजकूर येईल: आवृत्ती, ती कधी तयार झाली, कोणत्या यंत्रावर चालते आहे. विंडोजवर तुमचं यंत्र 64 बिटचं असलं तरी शेवटी 'विन32' असं दिसतं. ते बरोबरच आहे, विंडोजचं ते जुनं नाव पायथनने तसंच ठेवलंय. त्याच्या खाली येतात हे तीन बाण:

```
>>>
```

इथे दोन मिनिटं थांबा.

बाण दिसण्याआधी ओळीच्या सुरुवातीला जे होतं, म्हणजे विंडोजवर सी कोलन आणि फोल्डरचं नाव, किंवा मॅक-लिनक्सवर डॉलर अथवा टक्क्याचं चिन्ह, ते अंगण. तिथे तुम्ही कॉम्प्युटरशी बोलता: हा प्रोग्रॅम उघड, त्या फोल्डरात जा, ही फाइल चालव. तीन बाण आले की तुम्ही घरात आलात. इथे फक्त पायथनची भाषा चालते. बेरीज करा, नावं ठेवा, याद्या बनवा. पण 'ही फाइल चालव' ही अंगणातली आज्ञा घरात दिली तर पायथनला ती कळत नाही, आणि तो सिंटॅक्सएरर देतो.

माझ्या भाचीचं अगदी हेच झालं होतं. सरांनी फळ्यावर पायथन, स्पेस, फाइलचं नाव असं लिहिलं होतं. ती ते तीन बाणांपुढे टाइप करत होती. अक्षर न् अक्षर बरोबर होतं, जागा चुकली होती. उलटही होतं: पायथनची बेरीज अंगणात टाइप केली की काळी खिडकी म्हणते, ही आज्ञा मला माहीत नाही. दोन्ही एररमध्ये तुमच्या लिहिण्यात काहीच चूक नसते. म्हणून एंटर दाबण्याआधी नजर ओळीच्या सुरुवातीला न्यायची सवय लावा.

पहिला हिशेब, मराठीतून

शाळा-कॉलेजात पहिल्याच दिवशी 'हॅलो वर्ल्ड' छापायला लावतात. मी त्याऐवजी दुधाचा हिशेब करायला लावते, कारण त्यातून संवाद चटकन कळतो. आणि यात एक आनंदाची गोष्ट आहे जी खूप जणांना ठाऊकच नसते. पायथन 3 मध्ये तुम्ही ठेवलेली नावं देवनागरीत असू शकतात. म्हणजे खालच्या ओळी खरोखर मराठी कीबोर्डवरून टाइप करा, फक्त आकडे इंग्रजी ठेवा. तीन बाण पायथनचे आहेत, ते तुम्ही टाइप करायचे नाहीत.

```
>>> लिटर = 1.5
>>> दर = 64
>>> दिवस = 30
>>> लिटर * दर * दिवस
2880.0
```

पहिल्या तीन ओळींनंतर काहीच दिसणार नाही. नवशिके इथे गोंधळतात, पण गप्प बसणं म्हणजे पायथनला समजलं. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'या नावाच्या डब्यात हे ठेव'. चौथ्या ओळीत तुम्ही काहीतरी विचारलंत, म्हणून उत्तर आलं. फुली म्हणजे गुणाकार, कीबोर्डवरचा तारा.

महिन्यात दोन खाडे झाले असतील तर? एका दिवसाचे 96 रुपये, दोन दिवसांचे 192. मागचं उत्तर पुन्हा टाइप करायची गरज नाही. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, म्हणजे 'आत्ता आलेलं उत्तर':

```
>>> _ - 192
2688.0
```

दुधाचा दर वाढला? वरचा बाण दाबत मागे जा, दराची ओळ पुन्हा समोर येईल, 64 चे 68 करा आणि एंटर. मग पुन्हा वर जाऊन हिशेबाची ओळ आणा. वरच्या बाणाची ही सवय पहिल्याच दिवशी लागली तर टायपिंग निम्म्यावर येतं.

देवनागरी नावांबद्दल एक सावधगिरी. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटक दिसतात, कधी नुसते चौकोन दिसतात. पायथनला आतून सगळं नीट कळत असतं, अडचण फक्त दिसण्याची आहे. तरी नोकरीत किंवा कॉलेजच्या सबमिशनला रोमन नावंच ठेवा, दुसऱ्यांनाही ती वाचायची असतात. शिकताना मात्र आपल्या भाषेतली नावं वापरायला अजिबात संकोच करू नका. दर म्हटल्यावर मनात जे उभं राहतं ते एखाद्या एक्स-वायने राहत नाही.

आकड्यांत आपल्याला अडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, स्वल्पविराम. सव्वा लाख आपण 1,25,000 असं लिहितो. पायथनला तसं दिलं तर बघा:

```
>>> 1,25,000
(1, 25, 0)
```

एररही नाही! स्वल्पविराम पाहून पायथनने तीन वेगळे आकडे समजून त्यांचा गट बांधला. एरर आला असता तर बरं झालं असतं, कारण हा चुकलेला आकडा हिशेबात गुपचूप पुढे जातो. आपल्याला लाख-हजार वेगळे दिसायलाच हवे असतील तर स्वल्पविरामाच्या जागी अंडरस्कोर घाला. 1_25_000 असं लिहिलेलं पायथन 3.6 पासून चालतं, आणि उत्तर 125000 असंच येतं.

दुसरी, मराठी आकडे. १२ + ३ असं थेट टाइप केलंत तर एरर येईल. पण हाच आकडा अवतरणात मजकूर म्हणून देऊन इंट या आज्ञेने त्याचा पूर्णांक करायला सांगितला, तर पायथन तो वाचतो. इंट म्हणजे आय एन टी, रोमनमध्ये:

```
>>> इंट("१२५") + 5
130
```

भागाकाराचे तीन प्रकार एकदा करून बघा. तिरकी रेघ एकदा दिली तर पूर्ण भागाकार, दोनदा दिली तर फक्त पूर्णांक, आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे बाकी. 50 लाडू 8 जणांत वाटायचे असतील तर 50 // 8 म्हणजे प्रत्येकी 6, आणि 50 % 8 म्हणजे डब्यात उरले 2.

मग 0.1 + 0.2 करा. उत्तर 0.30000000000000004 येईल. पायथन बिघडलेला नाही. आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो तर 0.3333 संपतच नाही, तसंच एक दशांश हा अपूर्णांक कॉम्प्युटरच्या 0 आणि 1 च्या पद्धतीत नेमका बसत नाही. पैशांचा हिशेब काटेकोर हवा असेल तर रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकांनी करा.

आता एक गंमत. लेन ही आज्ञा, म्हणजे एल ई एन, मजकुराची लांबी सांगते. आपल्याला कोल्हापूर या शब्दात चार अक्षरं दिसतात:

```
>>> लेन("कोल्हापूर")
9
```

क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. पायथन युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी क्रमांक ठरवून दिलेली, चिन्हं मोजतो, आपण उच्चार मोजतो. मराठी मजकुरावर पुढे काही काम करायचं मनात असेल, नावांच्या याद्या असोत किंवा शब्दकोडं, तर हा फरक आजच लक्षात ठेवा.

तीन टिंबं आली की

कधी कधी तीन बाणांऐवजी तीन टिंबं येतात. याचा अर्थ, 'तुझं वाक्य अजून पुरं झालं नाही, मी ऐकतोय.' एकाच गोष्टीची आवर्तनं करायची असतात तेव्हा ती मुद्दाम आणतो. फॉर, इन आणि प्रिंट रोमनमध्ये, बाकी मराठीत:

```
>>> फॉर गाव इन ["लातूर", "मिरज", "सातारा"]:
...     प्रिंट(गाव)
...
लातूर
मिरज
सातारा
```

पहिल्या ओळीच्या शेवटी कोलन. दुसऱ्या ओळीच्या आधी चार स्पेस. इतर अनेक भाषांत महिरपी कंस जे काम करतात ते पायथनमध्ये ही मोकळी जागा करते, म्हणून ती शोभेची नाही. तिसऱ्या ओळीवर काहीही न लिहिता एंटर, म्हणजे 'झालं माझं बोलून'.

पण न बोलावता टिंबं आली आणि एंटर दाबला तरी जाईनात, तर कुठेतरी कंस उघडा राहिलाय. बंद करणारा कंस टाका. सापडतच नसेल तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. अर्धवट वाक्य टाकून दिलं जातं आणि बाण परत येतात. हेच कंट्रोल-सी अडकलेल्या प्रोग्रॅमलाही थांबवतं. एखादं आवर्तन थांबायचं नावच घेत नसेल तर लॅपटॉपचं बटण दाबून ठेवू नका, कंट्रोल-सी दाबा. पायथन 'कीबोर्डइंटरप्ट' असं म्हणून थांबेल, आणि तुमची आधीची नावं-आकडे शाबूत राहतील.

एरर खालून वाचायचा

एरर आला की लाल अक्षरं बघून बहुतेकांची छाती दडपते आणि वाचणंच थांबतं. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, तो वाचा. आणि शेवटच्या ओळीपासून वाचा. काय झालं ते तळाशी असतं, कुठे झालं ते वर असतं.

दिवसऐवजी दीवस असं टाइप करून बघा. शेवटची ओळ सांगेल, नेमएरर, दीवस हे नाव ठरलेलं नाही. नव्या आवृत्त्या पुढे विचारतातही, तुला दिवस म्हणायचं होतं का? शुद्धलेखनाच्या बाईंसारखा पायथन ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाही. रोमनमध्ये स्मॉल-कॅपिटलचंही तेच.

सिंटॅक्सएरर म्हणजे वाक्यरचना चुकली. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या आधीची मोकळी जागा चुकली, कित्येकदा तीन बाणांनंतर चुकून एक जास्तीची स्पेस पडलेली असते. टाइपएरर म्हणजे न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकत्र केल्या, जसं "64" + 5. अवतरणातला 64 हा मजकूर आहे, 5 हा आकडा.

सगळं डोळ्यांना बरोबर दिसतंय आणि तरी सिंटॅक्सएरर येतोय, तर अवतरणचिन्हं बघा. वर्डमध्ये किंवा फोनवर टाइप केलेला कोड उचलून आणला की सरळ अवतरणांची वळणदार झालेली असतात. पायथनला फक्त सरळ चालतात. त्यावर 'अवैध अक्षर' अशी तक्रार येते आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांकही दिलेला असतो. वळणदार उघडणाऱ्या दुहेरी अवतरणाचा क्रमांक यू+201सी. तो दिसला की कारण कळलं. पुस्तकातून किंवा वेबपानावरून कोड उचलताना सुरुवातीचे तीन बाणही सोबत येतात, त्यानेही सिंटॅक्सएररच येतो. माझ्या मते पहिले पंधरा दिवस कोड उचलून आणूच नये. हाताने टाइप करावा. बोटांना चुका कळतात.

बाहेर पडणं

एक्झिट, मग उघडा आणि बंद गोल कंस, एंटर. 3.13 पासून कंस नाही दिले तरी चालतं. शिवाय मॅक-लिनक्सवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर. अंगणाचं चिन्ह परत दिसलं की तुम्ही बाहेर आलात. घरात ठेवलेली नावं मात्र बाहेर पडताच पुसली जातात. लिटर, दर, दिवस, काही उरत नाही. म्हणून फाइल.

फाइल चालवणं

नोटपॅड उघडून दुधाच्या पहिल्या तीन ओळी लिहा, बाण न टाकता. चौथी ओळ अशी, प्रिंट रोमनमध्ये:

```
प्रिंट(लिटर * दर * दिवस)
```

इथे प्रिंट लागतंच. तीन बाणांपुढे नुसतं विचारलं तरी पायथन उत्तर दाखवतो, फाइलमध्ये दाखवत नाही. 'प्रोग्रॅम चालतो पण काहीच दिसत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं.

फाइल सेव्ह करताना नाव रोमनमध्ये हिशेब, पुढे टिंब आणि पी वाय. नोटपॅडच्या खिडकीत फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटतं आणि पायथनला फाइल सापडत नाही. एनकोडिंग यूटीएफ-8 असू द्या, नव्या विंडोजवर ते आधीच तसं असतं. आणि फाइलला रँडम किंवा मॅथ असं पायथनच्याच एखाद्या मोड्यूलचं, म्हणजे तयार कोडच्या फाइलचं, नाव देऊ नका. पुढे ते मोड्यूल मागवाल तेव्हा पायथन तुमचीच फाइल उघडून बसण्याची शक्यता असते.

आता त्या फोल्डरात काळी खिडकी उघडायची. विंडोजवर सोपी युक्ती: फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून सीएमडी टाइप करा, एंटर. खिडकी थेट तिथेच उघडते. मॅक-लिनक्सवर सीडी, स्पेस, आणि फोल्डरचं नाव. मग अंगणातूनच:

```
पायथन हिशेब.पीवाय
2880.0
```

फाइल चालवताना पायथन आधी अख्खी फाइल वाचून वाक्यरचना तपासतो. त्यामुळे शेवटच्या ओळीत कंस राहिला असेल तर पहिली ओळसुद्धा चालत नाही. तीन बाणांपुढे असं होत नाही, तिथे चुकण्याआधीचं सगळं चालून गेलेलं असतं.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारी आज्ञा नवशिक्यांना क्वचितच कुणी सांगतं. पायथन, स्पेस, डॅश आणि आय, स्पेस, मग फाइलचं नाव:

```
पायथन -आय हिशेब.पीवाय
```

फाइल चालते, 2880.0 छापलं जातं, आणि पायथन निघून न जाता तीन बाण दाखवत थांबतो. फाइलमधली सगळी नावं हातात असतात. दर विचारा, दर बदला, हिशेब पुन्हा करा. फाइलमध्ये मध्येच एरर आला तरी तो तोवरची नावं घेऊन थांबतो, त्यामुळे त्या क्षणी कोणत्या डब्यात काय होतं ते उघडून बघता येतं. भाचीच्या एका असाइनमेंटमधली चूक आम्ही फोनवर अशीच शोधली: यादीत आकडे असायला हवे होते, तिथे अवतरणातले आकडे होते.

डॅश एम हेही लक्षात ठेवा. ते पायथनसोबत आलेली तयार मोड्यूल थेट चालवतं. पायथन, डॅश एम, कॅलेंडर, 2026 असं दिलं की अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर छापून येतं, आठवडा सोमवारपासून.

अडलात तर तीन बाणांपुढे हेल्प लिहून कंसात आज्ञेचं नाव द्या, जसं हेल्प(लेन). माहिती इंग्रजीत येते. ती पानापानाने दिसत असेल तर क्यू दाबून बाहेर या, नाहीतर अडकल्यासारखं वाटतं.

बाहेरची पॅकेजं आणायची असतील तर

पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. हे काम पहिल्या दिवसाचं नाही, पण लवकरच येतं. पॅकेज आणणारा पिप हा अंगणातला गडी आहे, तीन बाणांपुढे तो येत नाही. प्रत्येक कामाला वेगळी जागा करून त्यातच पॅकेजं टाकावीत, नाहीतर एका कामासाठी आणलेलं दुसऱ्याच्या आड येतं. उबुंटूच्या नव्या आवृत्त्या तर थेट पॅकेज टाकू देतच नाहीत, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून पुढे सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायला लावणारी आज्ञा) लावून ते जबरदस्तीने टाकू नका, सिस्टिमला लागणारं पायथन बिघडू शकतं. वेगळी जागा करायची आज्ञा अशी, सराव हे नाव रोमनमध्ये:

```
पायथन -एम व्हेन्व्ह सराव
```

व्हेन्व्ह म्हणजे व्ही ई एन व्ही. उबुंटू यावर कुरकुरला तर पायथन3-व्हेन्व्ह नावाचं त्याचं पॅकेज आधी टाकावं लागतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मग सराव, उलटी तिरकी रेघ, स्क्रिप्ट्स, उलटी तिरकी रेघ, ॲक्टिव्हेट. मॅक-लिनक्सवर सोर्स, स्पेस, सराव/बिन/ॲक्टिव्हेट. यापुढे पिपने आणलेलं सगळं त्याच फोल्डरात जाईल.

हे झालं की ओळीच्या अगदी सुरुवातीला कंसात सराव असं नाव दिसू लागेल. ते दिसतंय तोवर तुम्ही त्या जागेत आहात. दिसत नसेल, नवी खिडकी उघडली असेल किंवा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला असेल, तर पॅकेज टाकण्याआधी ॲक्टिव्हेटची ओळ परत द्या. बाहेर यायचं असेल तेव्हा डीॲक्टिव्हेट.